रंगावांचून पेशीदर्शन

सूक्ष्मदर्शकाखालीं जिवंत पेशी ठेवली असतां प्रथम निराशाच पदरीं येते. ती जवळ जवळ पाण्याइतकीच पारदर्शक; स्निग्ध द्रव्य कोठें, प्रथिन कोठें, हें डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून शास्त्रज्ञ तिला रंग देत आले. पण बहुतेक रंगांसाठीं पेशी आधीं मारावी लागे. जीवन पाहावयास निघावें आणि प्रेत पाहून परतावें, असा हा उफराटा व्यवहार! पुढें जिवंत पेशींत चालणारे चकाकते रंग आले खरे. परंतु औषधाच्या चिमुकल्या रेणूस त्याहून मोठा रंगरेणु चिकटविला, तर त्याची मूळची चाल कायम राहील याची हमी कोण देणार?

या अडचणीवरील उपायाचें मूळ कलकत्त्यास आहे. तेथें 1928 च्या फेब्रुवारींत, इंडियन असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेंत, रामन् व कृष्णन् यांना आढळलें कीं, पदार्थानें विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलून येतो. रेणूंतील बंध तारांप्रमाणें कंप पावतात. प्रत्येकाचा कंप निराळा, म्हणून रंगांतील फरकही निराळा. रेणु जणूं स्वतःच आपलें नांव सांगतो. मात्र फारच हलक्या आवाजांत! विखुरलेल्या प्रकाशाच्या सुमारें एक कोटि कणांत असा कण एखादाच. फोटोच्या कांचेवर तो उमटावयास तासन् तास लागत, आणि जिवंत पेशी तितका वेळ स्वस्थ बसत नाहीं.

1960 सालीं लेसर आला. दोन लेसरकिरणांच्या कंपसंख्यांतील अंतर रेणूच्या कंपाइतकें ठेवलें, तर सारे रेणु एका तालांत डोलूं लागतात. श्रोत्यांनीं योग्य क्षणीं झोंका दिलेला झोपाळा आठवावा. 1999 सालीं अमेरिकेंत त्सुंबुश, होल्टम व श्ये यांनीं या तत्त्वावर न रंगविलेल्या जिवंत पेशींचीं चित्रें घेतलीं. पण त्या रेणूशीं संबंध नसलेला प्रकाशही त्यांत मिसळे. 2008 सालीं हार्वर्ड येथें श्ये यांच्याच मंडळींनीं तो दोष टाळला. एका किरणाची सेकंदास दहा लाखांहून अधिक वेळां उघडझाप करावयाची, आणि दुसऱ्यांत त्याच तालानें होणारी सूक्ष्म घट मोजावयाची, ही त्यांची युक्ति. दोन वर्षांत चित्रें चलच्चित्राच्या वेगानें मिळूं लागलीं.

2017 पर्यंत मिशिगनमधील शस्त्रक्रियागृहांत मेंदूंतील गांठीचा ताजा तुकडा, रंग न देतां, स्निग्ध द्रव्य व प्रथिन यांच्या प्रमाणावरून, रोग्याची शस्त्रक्रिया चालू असतांच तपासतां येऊं लागला.