गर्भाशय-अंतःस्तर व अंडाशय यांचा सहकालिक कर्करोग (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

एकाच स्त्रीच्या गर्भाशयाच्या अंतःस्तरात व अंडाशयात एकाच वेळी, बहुधा एकाच शस्त्रक्रियेच्या प्रसंगी, कर्करोगाच्या गाठी आढळणे, या स्थितीस ही संज्ञा लावतात. अमेरिकेत स्त्रीजननेंद्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. २०२४ सालासाठी अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्याचे सुमारे ६७,९०० आणि अंडाशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९,७०० नवे रुग्ण अपेक्षिले होते. गर्भाशय-अंतःस्तराचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे पाच जणींना अंडाशयाची, आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या शंभरांपैकी सुमारे दहा जणींना अंतःस्तराची गाठ त्याच वेळी असते, असे सामान्यतः मानले जाते. संख्या अल्प असली तरी प्रश्न मोठा आहे, आणि तो असा, की या स्त्रीला कर्करोग झाला आहे तो एक की दोन? एकच असेल तर तो गर्भाशयातून अंडाशयात पसरलेला, म्हणजे जुन्या वर्गीकरणाप्रमाणे तिसऱ्या टप्प्याचा, ठरतो. दोन स्वतंत्र असतील तर प्रत्येक आपापल्या जागी पहिल्याच टप्प्यात असू शकतो. स्त्री तीच, काचपट्ट्या त्याच. परंतु अहवालातील एका वाक्यावर तिचे पुढील वर्ष औषधोपचारांत जाणार की घरी, हे अवलंबून असते.

लक्षणे : ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने २००४ मध्ये आपल्याकडील ८४ स्त्रियांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात या स्त्रियांचे मध्यक वय ५० होते, म्हणजे गर्भाशयाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या वयापेक्षा पुष्कळच कमी. स्थूलता, अपत्य नसणे आणि पाळी अद्याप चालू असणे ही वैशिष्ट्ये त्यांत वारंवार दिसली. बहुतेकींना दवाखान्यात आणणारी तक्रार म्हणजे अनियमित वा अतिरिक्त रक्तस्राव. ‘पाळी जायची वेळ झाली, असे व्हायचेच’ म्हणून ही तक्रार अंगावर काढण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे, म्हणून येथे मुद्दाम सांगावेसे वाटते, की अंडाशयाची गाठ एरवी फार काळ मूक राहते आणि गर्भाशयाचा हा रक्तस्रावच तिच्याही निदानास वेळीच वाट करून देतो.

विकृतिविज्ञान : काढलेले गर्भाशय प्रयोगशाळेत येते तेव्हा ते प्रथम दोन्ही बाजूंनी उभे छेदून पुस्तकासारखे उघडतात. अंतःस्तर निरोगी असता पातळ आणि गुळगुळीत दिसतो. येथे तो जाड, भुसभुशीत, करड्या-पांढऱ्या लोळासारखा पोकळीत लोंबत असतो, आणि सुरीच्या पात्यावर त्याचे कण चिकटून येतात. शेजारी ठेवलेले अंडाशय कापताच पुष्कळदा चॉकलेटसारखा दाट, तपकिरी द्रव बाहेर येतो. हा एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाबाहेर रुजलेल्या अंतःस्तराचा, पुरावा होय. त्या पिशवीच्या भिंतीवर एखादी घट्ट उंचवट्याची जागा बोटाला लागते, आणि तोच तुकडा परीक्षक सर्वांत आधी उचलतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही ठिकाणच्या ग्रंथी एकमेकींसारख्या, पाठीला पाठ लावून दाटलेल्या दिसतात. आणि नेमके हे साम्यच घोटाळ्याचे मूळ आहे.

हा घोटाळा सोडविण्याचे नियम इंडियाना विद्यापीठाचे अल्ब्राइट व रॉथ यांनी १९८५ मध्ये ३४ रुग्णांच्या अभ्यासातून मांडले, आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रॉबर्ट स्कली यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विस्तारले. दोन्ही अंडाशये ग्रासलेली, त्यांत अनेक लहान गाठी, पृष्ठभागावर पेशींचे थर, गर्भाशयाच्या स्नायूत खोल शिरकाव, रक्त व लसिका वाहिन्यांत अर्बुदपेशी, अशी चिन्हे असली तर फैलाव समजावा. एकाच अंडाशयाच्या गाभ्यात एकच गाठ, तिच्या सान्निध्यात एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयात मात्र उथळ रोग आणि त्याभोवती अतिवृद्धीची पूर्वावस्था, असे असेल तर रोग दोन मानावेत. या नियमांची खरी कसोटी गायनेकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रूप या राष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासात लागली. रिचर्ड झेनो व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ७४ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ८६ टक्क्यांत दोन्ही गाठी एंडोमेट्रिऑइड, म्हणजे अंतःस्तराच्या ग्रंथींसारख्या, प्रकारच्या होत्या, सुमारे ३१ टक्क्यांत एंडोमेट्रिओसिस आढळला, आणि पाच वर्षांनंतर सुमारे ८६ टक्के व दहा वर्षांनंतर सुमारे ८० टक्के स्त्रिया हयात होत्या. पसरलेल्या कर्करोगाचे भवितव्य सहसा इतके चांगले नसते. म्हणून ‘रोग दोनच’ हे मत बळावले.

२०१६ मध्ये त्या मतास धक्का बसला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील संशोधकांनी २३ स्त्रियांच्या दोन्ही गाठींतील जनुकीय उत्परिवर्तने ताडून पाहिली, तेव्हा २२ जणींत दोन्ही गाठी एकाच पेशीवंशातून आलेल्या निघाल्या. त्याच सुमारास कॅनडातील व्हँकूव्हरच्या गटास १८ पैकी १७ जणींत तेच दिसले. रोग, म्हणजे, बहुधा एकच असतो, गर्भाशयातून अंडनलिकेच्या वाटेने अंडाशयात गेलेला. तरीही तो पसरलेल्या रोगासारखा वागत नाही. तो असा सौम्य का, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणाने सौम्य श्रेणीच्या, उथळ व अन्यत्र न पसरलेल्या अशा गाठींस सौम्य उपचार देण्यास मुभा ठेवली, आणि २०२३ मध्ये फिगो या आंतरराष्ट्रीय महासंघाने एकाच अंडाशयापुरत्या मर्यादित अशा रोगास पहिल्या टप्प्यात ‘एक-अ-तीन’ अशी स्वतंत्र जागा दिली. सूक्ष्मदर्शकाने जुन्या पिढीस दोन दाखविले आणि जनुकांनी नव्या पिढीस एक. तथापि ती स्त्री जगते, हे जुन्या पिढीचे निरीक्षण अबाधित राहिले, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास त्या पिढीच्या श्रेयाची वाटते.

आनुवंशिकता : १८९५ साली मिशिगन विद्यापीठातील विकृतिवैज्ञानिक ऑल्ड्रेड वॉर्थिन यांची शिवणकाम करणारी स्त्री त्यांना खिन्न दिसली, आणि कारण विचारता तिने सांगितले, की आपल्या घराण्यात सर्व जण पोटाच्या, आतड्याच्या अथवा ‘बायकांच्या अवयवांच्या’ कर्करोगाने जातात, तेव्हा आपणही तशाच जाणार. ती खरोखरच अल्पवयात गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे भ्रम म्हणून उडवून लावले नाही; विभागाच्या दफ्तरातील नोंदी व घराण्याची वंशावळ जुळवून त्यांनी १९१३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जर्मनीहून मिशिगनमध्ये आलेल्या या घराण्यास त्यांनी ‘जी’ हे अक्षर दिले. मूळ पुरुषाच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कर्करोगाने मेले होते वा त्यासाठी शस्त्रक्रिया झालेले होते, आणि त्यांत गर्भाशयाच्या रोग्यांचा आकडा १० होता. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी निदान एका शिवणकाम करणाऱ्या बाईने केले होते, आणि या विषयाच्या कोणत्याही इतिहासात तिचे स्थान पहिले असले पाहिजे.

नेब्रास्कातील ओमाहा येथील हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशाच आणखी दोन घराण्यांचे वर्णन केले. पुढे मिशिगनचे जुने दफ्तर त्यांच्या हाती आले आणि १९७१ मध्ये ‘जी’ घराण्याचे ६५० हून अधिक रक्ताचे नातेवाईक त्यांनी नोंदविले. ही विकृती आज लिंच सिंड्रोम म्हणून ओळखली जाते. तिची कारणे पेशीतील डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांत सापडतात. ‘जी’ घराण्यातील दोष २००० मध्ये एमएसएच-२ या जनुकात निश्चित झाला. सहकालिक कर्करोगाच्या १०२ स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे ७ टक्के स्त्रिया या सिंड्रोमच्या निकषांत बसल्या. प्रमाण कमी दिसते. परंतु लिंच घराण्यातील ज्या स्त्रियांना आतडे व स्त्रीजननेंद्रिये अशा दोन्ही ठिकाणी कर्करोग झाला, त्यांपैकी निम्म्यांत स्त्रीरोगच आधी आला, असे २००५ मध्ये दिसून आले, म्हणजे तोच पुढच्या धोक्याची सूचना होता. त्यामुळे अमेरिकेत गर्भाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक गाठीवर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ व पीएमएस-२ या चार प्रथिनांची तपासणी करण्याचा प्रघात पडत आहे. दोष सापडल्यास बहिणी, मुली व पुरुष नातेवाईक यांचीही परीक्षा होते. असा दोष असलेल्या व प्रतिबंधासाठी गर्भाशय काढून टाकलेल्या ६१ स्त्रियांत पुढे एकीसही गर्भाशयाचा कर्करोग झाला नाही. न काढणाऱ्यांत तो ३३ टक्क्यांना झाला (२००६).

उपचार : गर्भाशय, दोन्ही अंडनलिका व अंडाशये काढणे हा मुख्य उपचार होय; रसायनोपचार व किरणोपचार यांचा निर्णय श्रेणी व फैलाव यांवरून होतो. दुरुस्ती-जनुकांत दोष असलेल्या पसरलेल्या अर्बुदांसाठी पेम्ब्रोलिझुमॅब या औषधास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये, अवयव कोणताही असो, मंजुरी दिली.

नोंदणी : राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १९७३ पासून चालू असलेल्या ‘सीअर’ नोंदवहीत गर्भाशय व अंडाशय ही भिन्न स्थाने धरून दोन गाठींच्या दोन नोंदी होतात, अहवालात एक गाठ दुसरीचा फैलाव असल्याचे लिहिले असेल तर मात्र एकच होते.