हवामानबदलाचे उत्तरदायित्व : व्यक्ती आणि कंपनी

तापमानवाढीस कारण ठरणाऱ्या उत्सर्जनाचा भार इंधन जाळणाऱ्याने उचलावा की ते काढून विकणाऱ्याने, यासंबंधीचा वाद. लिटरभर पेट्रोलचा धूर गाडीमालकाच्या खाती मांडता येतो, तसाच तेलकंपनीच्याही. वादाचे मूळ या मोजणीत आहे.

संशोधक रिचर्ड हीडी यांनी २०१४ मध्ये ९० उत्पादकांचा हिशेब मांडला. १७५१ ते २०१० या काळातील औद्योगिक कार्बन डायऑक्साइड व मिथेनपैकी सुमारे ६३ टक्के त्यांच्याकडे जाते. यात ग्राहकांनी जाळलेले इंधनही धरले आहे. यादीत सरकारी कंपन्या बऱ्याच असून कोल इंडिया त्यांपैकी एक. वैयक्तिक ‘कार्बन फूटप्रिंट’चा प्रसार मात्र २००० नंतर बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींनी केला. त्यातील गणकयंत्र घरखर्चाचा हिशेब विचारी, तेलविहिरींचा नव्हे. हे विसरून नागरिकाला दोष देणे अन्यायाचे आहे.

न्यायालयीन निर्णय : हेगच्या जिल्हा न्यायालयाने २६ मे २०२१ रोजी शेल कंपनीस २०१९च्या तुलनेत २०३० पर्यंत निव्वळ उत्सर्जन ४५ टक्के घटवण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. ठरावीक टक्केवारी लादण्यास कायद्यात आधार नाही, पण उत्सर्जन आटोक्यात ठेवण्याचे कर्तव्य कंपनीवर आहे, असे म्हटले. पेरूतील वाराझचे शेतकरी साऊल लुसियानो लिउया यांनी जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावला होता. वितळत्या हिमनदीमुळे गावावरच्या पाल्काकोचा तलावाला पूर येण्याचा धोका आहे, असे त्यांचे म्हणणे. जागतिक उत्सर्जनात कंपनीचा वाटा जवळपास अर्धा टक्का, म्हणून बंदोबस्ताच्या खर्चातही तितका वाटा तिने द्यावा, अशी मागणी. हाम येथील न्यायालयाने मे २०२५ मध्ये, लिउया यांच्या घराला असलेला प्रत्यक्ष धोका अल्प ठरवून, दावा फेटाळला. मात्र मोठ्या उत्सर्जकांवर अशी जबाबदारी तत्त्वतः येऊ शकते, हे मान्य केले. दावा हरला तरी या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होय.

उपभोगाची विषमता : आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाच्या २०२२च्या अहवालानुसार जगातील घरगुती उपभोगाशी निगडित उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्के सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या दहा टक्के कुटुंबांचे. तेव्हा व्यक्तिगत जबाबदारी त्यांच्यापासून मोजावी. ज्यांच्या गावी एसटीखेरीज दुसरे वाहन नाही, त्यांच्यापासून नव्हे.

भारत : ‘लाइफ’ या जीवनशैलीविषयक मोहिमेची कल्पना पंतप्रधानांनी २०२१च्या ग्लासगो हवामान परिषदेत मांडली. त्याच वर्षी सेबी या भांडवलबाजार नियामकाने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांसाठी पर्यावरणविषयक माहिती देण्याचा नवा आराखडा आणला. २०२२-२३ पासून तो बंधनकारक आहे.