कातिबाच्या बोरूपासून मोठ्या पडद्यापर्यंत

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी नवा संगणक आला. डबा वेगळा, पडदा वेगळा असा नाही, तर सगळं पडद्याच्या पाठीतच बसवलेला, ज्याला ऑल-इन-वन म्हणतात तो. अकोल्याच्या दुकानात मी चोवीस इंचाच्या खालचं काही दाखवू नका म्हणालो, तेव्हा दुकानदाराने विचारलं, ‘‘सर, मुलं गेम खेळतात का?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, घरात उर्दू वाचतात.’’ त्याला वाटलं मी थट्टा करतोय. सातपुड्याच्या पायथ्याच्या हिवरखेडसारख्या गावात शिक्षकाने एवढा मोठा पडदा घेतला की शेजारपाजारच्यांनाही ती चैनच वाटते. पण मी थट्टा केली नव्हती. उर्दू आणि पडद्याची रुंदी-उंची यांचा संबंध जुना आहे, आणि तो सांगायचा तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

मराठी वाचकांसाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. देवनागरीची अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका ओळीत. अरबी ज्या नस्ख वळणात छापली जाते, तीही बरीचशी आडव्या रेषेवर बसते. उर्दूचं वळण मात्र नस्तालीक. त्यात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे जाता जाता तिरपा खाली उतरतो. शेजारी कोण आहे त्यावर अक्षराचं रूप बदलतं. बे, पे, ते, से या चार अक्षरांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. एक ठिपका पुसट झाला की शब्द बदलला. तिरप्या उतारामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागतं आणि त्याच आकारात छापलं तर उर्दू देवनागरीपेक्षा बारीक दिसते. हे सौंदर्यच छापखान्यात उर्दूची अडचण बनलं.

शिशाचे खिळे जुळवून छापायचं तर इंग्रजीला शंभरेक खिळे पुरतात. देवनागरीला जोडाक्षरांमुळे काही शे लागतात, तरी एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीचे इतके देखणे खिळे पाडले की मराठी-संस्कृतचा प्रश्न सुटला. नस्तालीकची जोडरूपं मोजायला बसलं तर आकडा हजारांत जातो. कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज १८०० साली सुरू झालं आणि तिथे उर्दूची पुस्तकं खिळ्यांनी छापलीही गेली, पण लोकांची नजर त्या छपाईवर बसली नाही.

वाट निघाली ती दगडातून. जर्मनीत १७९६च्या सुमारास सेनेफेल्डरने शिळाप्रेसची युक्ती शोधली. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर गुळगुळीत दगडावर उतरवायचा आणि त्यावरून प्रती काढायच्या. खिळ्यांची गरजच नाही, हाताने लिहिलं तसं छापलं जातं. मराठीनेही ही वाट धरली होती. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच. पुढे मराठी खिळ्यांकडे वळली, उर्दू दगडापाशी थांबली. लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८मध्ये छापखाना काढला आणि उर्दू, फारसी, अरबी पुस्तकांचा जणू पूर आणला. हे गृहस्थ हिंदू होते आणि त्यांच्या छापखान्यात कुराणही छापलं जाई. उर्दू फक्त मुसलमानांची म्हणणाऱ्यांनी, मग ते इकडचे असोत की तिकडचे, हे नाव लक्षात ठेवावं.

या छपाईचा खरा मालक होता कातिब. बोरूची कलम घेऊन अख्खं वर्तमानपत्र हाताने लिहिणारा माणूस. दगड गेला, ऑफसेट आली, तरी कातिब राहिला. लेखकाचं नाव पुस्तकावर, पण वाचकाच्या डोळ्यांसमोर अक्षर कातिबाचं. चुका झाल्या तर त्याला शब्दही होता, ‘सह्व-ए-किताबत’, म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक. चेन्नईचं ‘द मुसलमान’ हे १९२७ साली सुरू झालेलं उर्दू दैनिक तर एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हाताने लिहिलं जात होतं.

आमच्या वऱ्हाडातल्या उर्दू शाळांत कातिब परवडणारा नव्हता. तिथे त्याचं काम शिक्षकच करत. माझे वालिद शिक्षक होते. परीक्षा जवळ आली की ते मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लोखंडी लेखणीने प्रश्नपत्रिका लिहीत. मग सायक्लोस्टाइल यंत्रावर शाईचा रूळ फिरे. जास्त दाब दिला की स्टेन्सिल फाटे, कमी दिला की नुक्ते उमटत नसत आणि परीक्षेच्या वर्गात पोरं विचारत, ‘‘सर, ये बे है या पे?’’ शेजारच्या मराठी शाळेत टाइप केलेली प्रश्नपत्रिका येई. उर्दूचे टाइपरायटर होते, पण त्यांचं वळण नस्खचं. वालिद म्हणत, वाचता येतं पण आपलं वाटत नाही.

नस्तालीक यंत्रात बसली ती १९८१ साली. दिल्लीत जन्मलेले आणि फाळणीनंतर कराचीत स्थायिक झालेले मिर्झा अहमद जमील हे स्वतः खुशनवीस घराण्यातले. अक्षरं सुटी ठेवून जुळत नसतील तर जुळलेले तुकडेच यंत्राला द्यावेत, असा त्यांचा साधा विचार होता. ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी त्यांनी सुमारे वीस हजार जोडरूपं तयार केली. या वळणाला आपल्या वडिलांच्या, नूर अहमद यांच्या, नावावरून ‘नूरी नस्तालीक’ नाव दिलं. त्याच वर्षी लाहोरच्या ‘जंग’ने दैनिक या अक्षरात छापून दाखवलं. शेकडो वर्षं लिपीपुढे यंत्र हरत आलं होतं. इथे यंत्राने लिपी वाकवली नाही, एका माणसाने यंत्राला लिपी शिकवली.

पण ते यंत्र मोठ्या वर्तमानपत्रांच्या आवाक्यातलं होतं. आमच्यासारख्यांच्या टेबलावर नस्तालीक आणली दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने. १९९४ साली ‘इनपेज’ आलं. ते बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते रारेंद्र सिंग आणि विजय गुप्ता. नवलकिशोरांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा तेच घडलं. उर्दूची पुढची पायरी अशा लोकांनी बांधली ज्यांची नावं ऐकून कुणी त्यांना ‘उर्दूवाले’ म्हणणार नाही. भारत असो की पाकिस्तान, गल्लीतल्या लग्नपत्रिकेपासून मोठ्या दैनिकापर्यंत सगळं इनपेजवर होऊ लागलं. कातिबांच्या हातचं काम मात्र गेलं. काहींनी माउस धरला, काही साइनबोर्ड रंगवू लागले, आणि बरेच घरी बसले. प्रगतीचा हिशेब लिहिताना ही ओळ गाळू नये.

मी बी.एड. करून नोकरीला लागलो त्या वेळी शाळाशाळांत संगणक येत होते आणि शिक्षक एम.एस.-सी.आय.टी.च्या प्रमाणपत्राच्या मागे लागले होते. मी घरी एक जुना संगणक घेतला. मागे कुबड असलेला पंधरा इंची पडदा आणि टेबलाखाली घरघरणारा डबा. त्यावर इनपेज टाकलं. शाळेच्या प्रश्नपत्रिका सुरू झाल्या. मग निवृत्त झालेल्या वालिदना मी म्हणालो, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. रात्री इशाच्या नमाजनंतर ते खाटेवर बसून बोलत. गावची जुनी शाळा, कापसाचे दिवस, सायकलवर घातलेल्या अकोटच्या फेऱ्या, गावात कोणत्या घरात कोण उर्दू शिकलं, कोणत्या हिंदू मास्तरांनी शिकवलं. पडदा लहान, त्यामुळे एका वेळी सात-आठ ओळीच नीट दिसत. पण एकेचाळीस फायली झाल्या. पुढे ते वारले आणि फायली त्या डब्यातच राहिल्या.

इथे इतिहासातला एक पेच आमच्या घरात शिरला. इनपेजने मजकूर स्वतःच्या गुप्त लिपीत साठवला होता. ती फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की नुसता अगम्य चिन्हांचा कचरा. म्हणून लोक पानाचं चित्र काढून इंटरनेटवर टाकत. चित्रातला शब्द शोधता येत नाही. कितीतरी वर्षांची उर्दू अशी दिसायची, पण सापडायची नाही. मराठी वाचकांना हे दुखणं नवं नाही. श्रीलिपी किंवा आकृतीमध्ये केलेली जुनी फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडून पाहा. मराठीसाठी आणि उर्दूसाठी इलाज एकच होता, युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारी. देवनागरी मंगल फॉन्टच्या रूपाने विंडोज २०००मध्ये आली. उर्दूची अक्षरंही युनिकोडमध्ये होती, पण पडद्यावर दिसत ती नस्खमध्ये. नस्तालीकचं वळण विंडोजमध्ये २०१२ला, विंडोज ८बरोबर आलं, आणि आयफोनवर २०१७ला.

तोवर पोरांनी वेगळाच मार्ग काढला होता. लहान मोबाइलवर उर्दू नीट दिसत नाही, म्हणून ती रोमन अक्षरांत उर्दू लिहू लागली. आज माझे उर्दू माध्यमाचे विद्यार्थीसुद्धा एकमेकांना रोमनमध्ये निरोप पाठवतात. त्यांना रागावून काय होणार? लिपी भावनेवर जगत नाही. ज्या साधनावर रोज वाचायचं त्यावर ती सुखाने दिसली तरच जगते. २०२०च्या टाळेबंदीत हे नीटच कळलं. बालभारतीची उर्दू पुस्तकं पीडीएफमध्ये होती, पण पाच-साडेपाच इंची मोबाइलवर ती वाचायची म्हणजे पान मोठं करा, उजवीकडे सरका, ओळ वाचत डावीकडे या, पुन्हा उजवीकडे जा. दोन-तीन भावंडांत एक मोबाइल, त्यात ही कसरत. माझी मुलगी तेव्हा लहान होती. तिने एके दिवशी सांगून टाकलं, ‘‘अब्बू, उर्दूचं पुस्तक डोळ्यांत जात नाही.’’

म्हणून मोठा पडदा. सगळं एकाच अंगात असलेला संगणक ही कल्पना नवी नाही. ॲपलचा मॅकिंटॉश १९८४मध्ये तसाच आला होता, नऊ इंची पडद्याचा. १९९८चा रंगीत आयमॅक पंधरा इंची होता. पडदे चपटे झाले आणि ते यंत्र भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर मावू लागलं. आमच्या बैठकीत जागा तेवढीच होती.

घेताना मी जे शिकलो तेही सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. दुकानात सत्तावीस इंचाचा पडदा स्वस्तात दाखवतात, पण त्यात ठिपके बहुधा चोवीस इंचातल्याएवढेच असतात, आडवे १९२० आणि उभे १०८०. तेवढेच ठिपके मोठ्या जागेत पसरले की अक्षराची कड जाडीभरडी होते आणि नुक्ते फुगतात. म्हणून दुकानात सिनेमा लावून बघू नका, उर्दूचं किंवा मराठीचं पान उघडून बघा. दुसरं, या यंत्रात लॅपटॉपसारखे भाग असतात पण बॅटरी नसते. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएसचे पैसे आधीच धरा. तिसरं, पडदा बिघडला तर अख्खं यंत्र दुरुस्तीला जातं, म्हणून हमी आणि जवळचं दुरुस्ती केंद्र विचारा. आणि मेमरी नंतर वाढवता येते का, हे लेखी घ्या. मला एका दुकानात तोंडी ‘हो’ सांगितलं होतं, पत्रकात ‘नाही’ निघालं.

नवा आला तेव्हा जुना भंगारवाल्याला द्यायचा ठरला होता. तो दारात येऊन उभाही राहिला. बायकोने विचारलं, ‘‘अब्बाजींच्या फायली काढल्या का?’’ मी गप्प. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला. जुना डबा तीनदा सुरू केला, तेव्हा कुठे एकदा चालला. फायली काढल्या, इनपेजमधून युनिकोडमध्ये नेणाऱ्या प्रोग्रॅममधून एकेक नेली. एकेचाळीसपैकी अडतीस आल्या. तीन फायली डिस्कसोबत गेल्या. त्यांत काय होतं ते आता मला आठवत नाही, आणि विचारायला वालिद नाहीत.

आलेल्या अडतीसांतही हम्झा हललेले, शब्दांमधल्या जागा गायब. मुलगी रोज संध्याकाळी एक फाईल उघडते, अक्षर मोठं करते आणि वाचत वाचत दुरुस्त करते. पलीकडच्या खाटेवरून अम्मी ऐकतात, कधी चष्मा लावून बघतात. परवा एका ठिकाणी त्यांनी थांबवलं, ‘‘हे नाव असं नाही, तो मास्तर वेगळा होता.’’ ती चूक प्रोग्रॅमची नव्हती. वीस वर्षांपूर्वी मीच चुकीचं टाइप केलं होतं. छोट्या पडद्यावर ना मला दिसलं, ना वालिदना.

तुमच्याही घरात टेबलाखाली असा एखादा जुना डबा असेल. त्यात इनपेजच्या फायली असतील किंवा श्रीलिपीतल्या, आजोबांच्या आठवणी असतील किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अंक. नवा संगणक कोणता घ्यायचा हे नंतर ठरवा. आधी तो जुना एकदा सुरू करून बघा.