बॅटरी चार्ज होण्यास नकार देते तेव्हा : एका नकाराचा इतिहास #धागा

१/
लॅपटॉपला वायर जोडलेली असते, अ‍ॅडॅप्टरचा दिवा लागलेला असतो आणि पडद्यावर मात्र ‘प्लग जोडला आहे, चार्जिंग होत नाही’ अशा अर्थाची ओळ उमटते. बहुतेकांना हा बिघाड वाटतो. पुष्कळदा तो बॅटरीतील एका चिमुकल्या चिपने विचारपूर्वक दिलेला नकार असतो. हा नकार तिला कोणत्या अपघातांनी शिकवला, ते या धाग्यात पाहू.

२/
आलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० साली विद्युतघटांची चळत जगापुढे मांडली. तिच्यातून वीज मिळे. पण एकदा संपली की संपली. उतरलेला घट पुन्हा भरता येतो, हे व्यवहारात दाखवून दिले फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये विलगक आणि भोवती गंधकाम्ल, एवढीच त्याची सामग्री. ‘चार्जिंग’ या क्रियेचा इतिहास येथून सुरू होतो.

३/
१८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची पद्धत आणली आणि ही बॅटरी कारखान्यात तयार होऊ लागली. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील घराघरांत इन्व्हर्टरखाली येऊन बसलेली, डिस्टिल्ड वॉटर मागणारी बॅटरी ही याच कुळातली.

४/
याच बॅटरीने चार्जिंगचा पहिला धडा दिला. ती उतरलेल्या अवस्थेत बराच काळ पडून राहिली, तर पत्र्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग ती पूर्ण चार्ज होत नाही. बॅटरी केवळ वापराने झिजत नाही, वापराविना पडून राहिल्यानेही मरते. हा धडा पुढे लॅपटॉपपर्यंत पोहोचला.

५/
दुसरा धडा थॉमस एडिसनला मिळाला. शिशाची बॅटरी जड म्हणून त्याने निकेल आणि लोखंडाची बॅटरी घडवली आणि विजेच्या मोटारींसाठी ती बाजारात आणली. थोड्याच काळात घट गळू लागले, त्यांची धारणक्षमता घसरू लागली. एडिसनने उत्पादन थांबवले, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळा गाठली.

६/
सुधारित बॅटरी १९०९-१० च्या सुमारास आली. ती अतिशय टिकाऊ होती. पण दरम्यान, १९०८ मध्ये, फोर्डची ‘मॉडेल टी’ रस्त्यावर आली होती आणि पेट्रोलच्या मोटारींचे युग सुरू झाले होते. प्रयोगशाळेतील मेजावर शंभर वेळा चार्ज होणारी बॅटरी लोकांच्या हाती गेल्यावर कशी वागेल, हे आधी सांगता येत नाही, हे या प्रकरणाने दाखवले. शंभर वर्षांनी हाच प्रश्न लाखो लॅपटॉपांच्या संदर्भात पुन्हा उभा राहणार होता.

७/
स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी तयार केली. पुढे तिची पूर्ण बंदिस्त आवृत्ती निघाली आणि ती उपग्रहांपासून टॉर्चपर्यंत सर्वत्र गेली. उपग्रहांत एक विलक्षण गोष्ट आढळली : बॅटरी दर फेरीत ठरावीक मर्यादेपर्यंतच उतरवली, तर कालांतराने ती त्याच मर्यादेशी येऊन दम टाकते. जणू तिला तेवढेच काम ‘आठवते’. यालाच ‘मेमरी इफेक्ट’ म्हणू लागले.

८/
‘बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्ज करावी’ हा घरोघरी ऐकू येणारा सल्ला या निकेलच्या काळातला आहे. बॅटरीचे रसायन बदलले, सल्ला मात्र तसाच राहिला. आजच्या लिथियम बॅटरीला तो उपकारक तर नाहीच, उलट वारंवार पूर्ण उतरवल्याने तिचे आयुष्य घटते.

९/
पहिल्या पिढीतील सुवाह्य संगणकांनी हे सारे रसायनशास्त्र अंगावर घेतले. एप्सनच्या ‘एचएक्स-२०’ या १९८० च्या दशकारंभीच्या छोट्या संगणकात निकेल-कॅडमियम बॅटरी होती. १९८९ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’मध्ये चक्क शिसे-आम्लाची बॅटरी होती आणि यंत्राचे वजन ७ किलोंच्या पुढे होते.

१०/
त्या यंत्राच्या मूळ रचनेत एक गंमत होती. वीजपुरवठा बॅटरीतून होऊनच यंत्राकडे जात असे. त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली, की भिंतीतील प्लग जोडूनही संगणक सुरू होत नसे. आणि शिशाची बॅटरी उतरून पडली की मरते, हा तर एकोणिसाव्या शतकातला धडा. ‘चार्जरला लावूनही लॅपटॉप चालत नाही’ ही तक्रार लॅपटॉपइतकीच जुनी आहे.

११/
आता लिथियमकडे. १९७० च्या दशकात तेलटंचाईच्या छायेत एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातू वापरून चार्ज होणारी बॅटरी घडवली. ती हलकी होती, शक्तिशाली होती आणि धोकादायकही होती. वारंवार चार्ज करताना लिथियमचे बारीक काटे वाढत जात. ते दुसऱ्या टोकाला भिडले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होई. प्रयोगशाळेतील आगी विझवायला अग्निशमन दलाला धावून यावे लागले.

१२/
हा धोका प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. १९८९ मध्ये जपानमध्ये अशा बॅटरीच्या मोबाइल फोनने पेट घेतला. बॅटऱ्या माघारी बोलवाव्या लागल्या आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. शुद्ध लिथियम धातूची चार्ज होणारी बॅटरी सामान्य माणसाच्या हाती देण्याचा विचार तेव्हा मागे पडला.

१३/
वाट दुसरीकडून निघाली. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचे धन टोक सुचवले. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातूच्या जागी कार्बनयुक्त पदार्थ वापरला. त्यांनी या बॅटरीवर लोखंडाचे वजन पाडून पाहिले. काही झाले नाही. लिथियम धातूच्या बॅटरीने याच परीक्षेत स्फोट घडवला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

१४/
पण एक मूलभूत फरक उरलाच. शिशाच्या बॅटरीत गरजेपेक्षा जास्त वीज भरली, तर ती पाण्याचे विघटन करण्यात खर्च होते. वरून पाणी घातले की भागते. बंदिस्त निकेल बॅटरीत तयार होणारा ऑक्सिजन आतच पुन्हा शोषला जातो. लिथियम-आयनमध्ये अशी सोय नाही. आतील द्रव ज्वलनशील आहे आणि जास्तीची वीज सुखरूप जिरवायला जागा नाही. म्हणून या बॅटरीला पहिल्यापासून पहारेकरी लागला.

१५/
हा पहारेकरी म्हणजे बॅटरीच्या खोक्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल. प्रत्येक घटाचा दाब साधारण ४.२ व्होल्टच्या वर जाऊ न देणे, तो फार खाली उतरू न देणे आणि तापमानावर नजर ठेवणे ही त्याची कामे. १९९० च्या दशकाच्या मध्यास ड्युरासेल आणि इंटेल यांनी ‘स्मार्ट बॅटरी’चे मानक मांडले. तेव्हापासून बॅटरी आपली स्थिती लॅपटॉपला स्वतःच सांगू लागली. पडद्यावरील टक्केवारी हे त्या संभाषणाचेच फळ.

१६/
पहारेकरी असूनही २००६ घडले. त्या वर्षी जपानमधील एका परिषदेत पेटलेल्या लॅपटॉपची छायाचित्रे जगभर फिरली. ऑगस्टमध्ये डेलने सोनीच्या घटांच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या माघारी बोलावल्या. त्याच महिन्यात अ‍ॅपलने सुमारे १८ लाख. दोष घटांच्या आत होता. उत्पादनाच्या वेळी धातूचे सूक्ष्म कण आत राहिले होते. पहारेकरी दाराशी उभा होता आणि आग घराच्या आतून लागली. एडिसनला पडलेला प्रश्न आता लाखोंच्या संख्येत परतला होता.

१७/
या पार्श्वभूमीवर आजचा नकार वाचावा. पहिली शंका अ‍ॅडॅप्टरची. अनेक लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरची ओळख विचारतात. तारेतील संकेत तुटला असेल, तर यंत्र चालते पण बॅटरी भरत नाही. टाइप-सी जोडणीत तर चार्जर आणि लॅपटॉप किती वीज द्यायची हे आधी आपसांत ठरवतात. ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर लावला, तर तो कासवगतीने भरतो किंवा चक्क नाही म्हणतो.

१८/
दुसरी शंका, चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबते का? तसे असेल, तर बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी दिलेली मर्यादा सेटिंगमध्ये सुरू असण्याचा संभव मोठा. पूर्ण भरलेल्या अवस्थेत सतत राहणे लिथियम बॅटरीला मानवत नाही. शेवटचे काही टक्के रेंगाळत भरतात, हेही स्वाभाविक : दाब मर्यादेला पोहोचला की प्रवाह हळूहळू कमी केला जातो.

१९/
तिसरी शंका तापमानाची. ० अंशाखाली चार्ज केल्यास लिथियमचा धातुरूप थर साचू लागतो, म्हणजे १९८९ चा शत्रू पुन्हा दाराशी येतो. साधारण ४५ अंशांच्या पुढेही बहुतेक बॅटऱ्या चार्जिंग थांबवतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पोटात, ही मर्यादा दूर नसते. यंत्र बंद करून, सावलीत कठीण पृष्ठभागावर निवू द्यावे आणि मग पुन्हा प्लग लावावा.

२०/
चौथी शंका, लॅपटॉप कित्येक महिने कपाटात पडून होता का? घट फार खोल उतरले असतील, तर चिप आधी अगदी थोडा प्रवाह देऊन त्यांची परीक्षा घेते. तेवढा वेळ आकडा ०च राहतो. ते सावरले नाहीत, तर चार्जिंग होत नाही. काही बिघाडांत चिप आतला फ्यूज कायमचा उडवते. अशी बॅटरी बदलावीच लागते.

२१/
याउलट, आकडा ४० टक्क्यांवरून एकदम ५ वर कोसळत असेल, तर बहुधा मोजमाप चुकलेले असते किंवा घट झिजलेले असतात. एकदा पूर्ण भरून, सावकाश उतरवून, पुन्हा पूर्ण भरल्याने मोजमाप जुळू शकते. झिजलेले घट मात्र त्याने तरुण होत नाहीत. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा लॅपटॉप मेजावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. मग प्रयोग नकोत. चार्जर काढावा, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे सोपवावी.

२२/
या कथेला दुसरी बाजूही आहे. ज्या चिपने आग रोखली, तीच चिप ‘ही बॅटरी आमच्या कंपनीची नाही’ म्हणूनही नकार देऊ शकते आणि काही लॅपटॉपांत ती तसा देतेही. त्यातला सुरक्षेचा भाग किती आणि व्यापाराचा किती, हे ग्राहकाला बाहेरून कळत नाही. म्हणूनच हा प्रश्न आता कायद्याच्या दारात आला आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू झाले.

२३/
गळणारे घट, ‘आठवण’ धरणाऱ्या उपग्रहातील बॅटऱ्या, पेटलेला फोन, परिषदेतला धूर : त्या एका ओळीमागे एवढा इतिहास उभा आहे. त्यामुळे ‘चार्जिंग होत नाही’ असे दिसताच नकाराला बगल देणारा जुगाड करण्याआधी नकाराचे कारण विचारावे. अ‍ॅडॅप्टर, मर्यादा, तापमान, खोल उतरलेले घट, झीज, या क्रमाने उत्तर बहुधा सापडते. आणि कारण सुरक्षेचे नसून केवळ मक्तेदारीचे आहे असे दिसले, तर तेही विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

(समाप्त)