फ्रेंच राजप्रासादीय फर्निचर : वापरातील वस्तू ते संग्रहातील ठेवा

प्रस्तावना

राजवाड्यातील फर्निचरकडे सामान्यतः वैभवाचे लक्षण म्हणून पाहिले जाते. १७ व्या व १८ व्या शतकांतील फ्रेंच फर्निचरचा इतिहास मात्र राज्यकारभार, कारागिरांचे नियमन आणि संपत्तीचे हस्तांतर यांच्याशी निगडित आहे. या वस्तूंचा राजप्रासादापासून उमराव घराण्यांच्या संग्रहांपर्यंतचा प्रवास आणि त्यांच्या मूल्याचा बदलत गेलेला आधार यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजाश्रय, कारागीर आणि नोंदी

चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने १६६७ मध्ये पॅरिसमधील गोबलँ येथे राजघराण्यासाठी फर्निचर बनविणारी कार्यशाळा अधिकृतपणे स्थापन झाली. चित्रकार शार्ल ल ब्रं तिचा संचालक होता. व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे फर्निचर युद्धखर्चासाठी १६८९ मध्ये वितळविण्यात आले. कलाकुसर कितीही उच्च असली, तरी अडचणीच्या प्रसंगी वस्तूचे मूल्य तिच्यातील धातूवरूनच ठरत असे, हे यावरून स्पष्ट होते.

राजघराण्याच्या फर्निचरची देखरेख करणारे खाते प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करून तिच्यावर क्रमांक घालीत असे. १८ व्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसमधील कारागीर संघाच्या सदस्यांवर आपल्या नावाचा शिक्का वस्तूवर उमटविण्याचे बंधन आले; राजाश्रयातील काही कारागीर त्यास अपवाद होते. पंधराव्या लुईचे प्रसिद्ध लेखनमेज ओबेन याने १७६० मध्ये हाती घेतले आणि त्याच्या मृत्यूनंतर जर्मनीत जन्मलेल्या रिझनेर याने १७६९ मध्ये पूर्ण केले.

क्रांतीनंतरचे हस्तांतर

राज्यक्रांतीनंतर ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४ या काळात व्हर्साय येथील सामानाचा लिलाव झाला. विक्रीच्या नगांची संख्या १७,१८२ होती. क्रांतिकाळातील लिलावांत रिझनेरने स्वतःच घडविलेल्या काही वस्तू फेरविक्रीच्या आशेने विकत घेतल्या. परंतु त्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. १८०६ मध्ये तो मरण पावला. ज्यांच्यासाठी या वस्तू घडल्या तो वर्गच फ्रान्समध्ये कोसळला होता.

त्यांचे नवे आश्रयदाते प्रामुख्याने ब्रिटनमध्ये मिळाले. चौथ्या जॉर्जने रिझनेरचे दागिन्यांचे कपाट १८२५ मध्ये खरेदी केले. हर्टफर्डच्या चौथ्या मार्क्विसचा संग्रह पुढे वॉलेस संग्रहाचा गाभा ठरला; १८९७ मध्ये तो राष्ट्रास मिळाला आणि १९०० मध्ये लोकांसाठी खुला झाला.

या संदर्भात राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी रिझनेरने घडविलेली, १७८३ ची दोन कपाटे उद्बोधक आहेत. जपानी लाखकामाचे फलक आणि सोन्याचा मुलामा दिलेले कांस्यकाम यांनी ती सजलेली आहेत. कालांतराने ती स्कॉटलंडमधील हॅमिल्टन पॅलेसमध्ये पोहोचली. कर्जबाजारी झालेल्या १२ व्या ड्यूकने १८८२ मध्ये तेथील संग्रह विकला. १७ दिवसांच्या या लिलावात सुमारे ३,९७,५०० पौंड उभे राहिले. ही कपाटे अमेरिकन धनिक व्हँडरबिल्ट याच्याकडे आणि १९२० मध्ये त्याच्या मृत्युपत्रान्वये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली. हॅमिल्टन पॅलेस १९२० च्या दशकात पाडण्यात आला. वास्तू नष्ट झाली, वस्तू मात्र टिकली.

मूल्य आणि अस्सलता

संग्राहकांच्या हाती वस्तूचे मूल्य धातू व उपयुक्ततेपेक्षा पूर्वीच्या मालकाच्या नावावर अधिक अवलंबून राहू लागले. त्या नावाचा पुरावा वस्तूच्या मागील किंवा खालील बाजूस, क्रमांकात व शिक्क्यात असतो. त्यामुळे पुराव्याचीच नक्कल करण्याचा मोह निर्माण झाला. व्हर्सायच्या राजवाड्याने खरेदी केलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये उघडकीस आले. २०२५ मध्ये फ्रेंच न्यायालयाने या प्रकरणी एका ख्यातनाम तज्ज्ञास व एका कारागिरास दोषी ठरविले.

निष्कर्ष

उमरावी संग्रहांमुळे या वस्तू वाचल्या, हे मान्य करावे लागते. मात्र मालकाच्या नावाच्या प्रभेत घडविणाऱ्या हातांचे श्रेय झाकोळले गेले. राजाने मालमत्तेच्या हिशेबासाठी ठेवलेल्या नोंदी आणि संघाने नियमनासाठी सक्तीचा केलेला शिक्का हीच आज इतिहासाची विश्वसनीय साधने ठरतात. म्हणून अशा वस्तूंच्या अभ्यासात दर्शनी सौंदर्याइतकेच मागील बाजूचे वाचनही महत्त्वाचे आहे.