रेवदंडा ते दाभोळ, पाण्यावरून

कोकण किनाऱ्यावरची जुनी गावं समुद्राकडे तोंड करून बसलेली आहेत. आपण एसटीने किंवा मोटारीने जातो तेव्हा त्यांच्या परसदारातून आत शिरतो. माझ्या आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागलं नसतं. तेव्हा मुंबईहून आगबोट यायची, खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या असं सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला लावलं जायचं. पावसाळ्यात हा रस्ता बंद असे. नारळीपौर्णिमा झाली की पुन्हा सुरू.

हा रस्ता एकदा सावकाश बघावा, म्हणून काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तिघं निघालो. होडी माझ्या एका मित्राची. तो व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होता. निवृत्तीनंतर त्याने मासेमारीची जुनी होडी घेतली, इंजिन स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा बसवलं आणि वर ताडपत्रीचं छप्पर टाकलं. सुकाणूवर एक सत्तरी ओलांडलेले कोळी गृहस्थ. त्यांना आम्ही तांडेलमामा म्हणायचो. रेवदंड्याहून दाभोळ, तीन दिवस, आणि वाटेत जे जुने मित्र हयात आहेत त्यांच्याकडे मुक्काम, एवढाच बेत.

रेवदंडा ते दाभोळच का, यालाही कारण आहे. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा विकायला घेऊन १४६९च्या सुमाराला चौल बंदरात उतरला. चौल म्हणजे रेवदंड्याचंच जुळं गाव. तिथून तो जुन्नरला गेला, बिदरला गेला, बहमनी राज्य पाहिलं. परतीसाठी त्याने जहाज धरलं ते दाभोळहून. पण घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कजवळ वाटेतच वारला. मागे राहिली त्याची वही. रेवदंड्यात आता त्याचा स्मृतिस्तंभ आहे. ज्या दोन बंदरांमध्ये या माणसाची काही वर्षं गेली, ते अंतर आम्ही तीन दिवसांत कापणार होतो आणि तेही वाटेत जेवत-जेवत.

खाडीच्या मुखाशीच कोर्लई. पोर्तुगीज इथून १७४०मध्ये गेले, पण गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची स्वतःची बोली बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. मी शब्दांचा माणूस, त्यामुळे होडीत बसल्या-बसल्या आमचेही शब्द मोजायला लागलो. बंदर फारसी. सुकाणू अरबी. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. आरमार पोर्तुगीज. तांडेलमामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमचं काय राहिलं?" मी म्हटलं, "पाणी." ते हसले नाहीत.

मुरूडपाशी दोन किल्ले एका नजरेत येतात, सिद्दींचा जंजिरा आणि शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग. जंजिरा हे नावच अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेट. शाळेत हा इतिहास शिकताना मला कोणत्या बाकावर बसावं कळायचं नाही. पाण्यावरून पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. १६७९मध्ये खांदेरीच्या बेटावर महाराजांचं काम सुरू झालं, तेव्हा इंग्रजांशी झुंजणाऱ्या मराठी आरमारात मायनाक भंडारी होता आणि दौलतखानही होता. पुढे सिद्दीही त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने उतरला. दौलतखान आपला, सिद्दी शत्रू. धर्म एक, चाकरी वेगळी. खलाशाला आधी वारा कळतो, मग धनी.

त्या रात्री राजपुरीला एका मित्राकडे राहिलो. भाभींनी सांदणं केली होती. मुलगे दोघेही कुवेतला. घरात नवी फरशी आणि बोलायला कुणी नाही, म्हणून मित्र पहाटेपर्यंत बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी दिघी, दिवेआगर मागे टाकून शेखाडीच्या समोर आलो, तेव्हा सागरी पोलिसांची बोट आली. होडीचे कागद पाहिले, मग प्रत्येकाचं नाव विचारलं. माझं नाव ऐकल्यावर त्या तरुण शिपायाने वर पाहिलं आणि ओळखपत्र पुन्हा मागितलं. तांडेलमामा म्हणाले, "साहेब, ते कवी हायेत."

"कवी? मग होडीत काय करतात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा वाईट नव्हता. विदर्भातला होता, समुद्र त्याला सोसत नव्हता. आमच्याकडचा चहा पिऊन गेला.

पण हे शेखाडीलाच व्हावं! १९९३च्या फेब्रुवारीत स्फोटकं इथे उतरवली गेली आणि १२ मार्चला मुंबईत काय झालं ते आपण जाणताच. २००८मध्येही मारेकरी समुद्रातूनच आले. पहारा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी शेखाडीचं नाव निघालं की माझ्या वयाची कोकणी मुसलमान माणसं अजूनही क्षणभर गप्प होतात. पिढ्यानपिढ्या या पाण्यावर ज्यांनी पोट भरलं, हजला जाणारी जहाजं ज्यांनी हाकली, त्यांच्या नातवंडांना होडीत बसण्याचं कारण सांगावं लागतं. मित्राने इंजिन सुरू केलं. श्रीवर्धन येईपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ भट इथूनच सिद्दीच्या जाचाने बाहेर पडला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. हरिहरेश्वरचा डोंगर ओलांडला की सावित्रीचं मुख आणि बाणकोट. हा किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांना मिळाला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. गावाने ते नाव कधी तोंडी घेतलं नाही.

बाणकोटला आमचे एक गुरुजी-मित्र आहेत. त्यांची थोरली बहीण पलीकडे बागमांडल्याला दिलेली. गुरुजी सांगत होते, "अहो, लग्नात वऱ्हाड होडीने गेलं. तोंडातलं पान संपायच्या आत पलीकडे. मग आगबोटी गेल्या, होड्या कमी झाल्या, आणि ताईकडे जायचं तर आंबेतच्या पुलावरून दिवसभराचा वळसा. समोर तिच्या घराचा दिवा दिसायचा, पण सणाला जाणं व्हायचं नाही." आता गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे. ताई मात्र राहिल्या नाहीत.

आपण म्हणतो, रस्त्यांनी गावं जोडली. जोडलीच, मुंबईला जोडली. खाडीच्या दोन काठांचं काय झालं, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

तिसऱ्या दिवशी केळशी, आंजर्ले, मग हर्णै. समोर सुवर्णदुर्ग. १७५५मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि पेशव्यांचं आरमार इंग्रजांच्या सोबतीला होतं. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांच्या गलबतांची राख झाली. आपल्या हाताने आपलं आरमार बुडवण्याचा हा प्रकार मला कधीच समजलेला नाही. तांडेलमामा त्या खडकांमधून होडी काढताना एकेका खडकाचं नाव घेत होते. त्यांच्या नातवाकडे मोबाइलवर नकाशा आहे. खडक त्यात असतीलही, पण ही नावं कुठून असणार? मी काही टिपून घेतली.

दुपार कलताना वाशिष्ठीच्या मुखात शिरलो. इथे मिसर, अरबस्तान, खुरासानातून घोडे उतरतात, असं निकितिनने लिहून ठेवलं आहे. तो गेल्यावर चाळीस वर्षं होण्याआधीच, १५०८च्या डिसेंबरात, पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळलं आणि माणसं कापली. दाभोळ त्यानंतरही उठलं. धक्क्याजवळची घुमटाची मशीद आदिलशाहीतली. विजापूरची एक शहजादी हजला निघाली, दर्या सुरक्षित नाही म्हणून इथेच थांबली आणि प्रवासाचा पैसा तिने या मशिदीला लावला, असं सांगतात.

धक्क्यावर आम्हाला घ्यायला कुणी नव्हतं. मित्राला फोन केला. तो गावाच्या वरच्या बाजूला, दापोलीहून येणाऱ्या रस्त्यावर, तासभर उभा होता. धापा टाकत खाली आला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही कुठून आलात? गाडी कुठे लावलीत?"