गुराब की गलबत? मालवणच्या समुद्रावरची एक जुनी निवड

१/
वेगाने पळणारी चपळ हॅचबॅक घ्यावी, की माणसे आणि सामान दोन्ही सामावून घेणारी ऐसपैस स्टेशन वॅगन? प्रश्न मोटारींच्या युगातला वाटतो खरा. परंतु साडेतीनशे वर्षांपूर्वी मालवणच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न लाकूड, शिडे आणि तोफांच्या रूपाने उभा होता, आणि त्याच्या उत्तरावर एका नव्या राज्याचा किनारा अवलंबून होता. तेव्हाची ती दोन वाहने म्हणजे गलबत आणि गुराब.

२/
गलबत म्हणजे मूलतः एक मोठी वल्हवायची होडी. १८व्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमारातील गलबतांचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. मोठ्यात मोठे गलबतही क्वचितच ७० टनांच्या पुढे जाई. दोन डोलकाठ्या, त्यांतील मागची अगदी बारीक. मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड. वजन वाढू नये म्हणून पुष्कळ गलबतांचा वरचा तक्ता फाडलेल्या बांबूंचा असे. चाळीस-पन्नास वल्ही एकदम पाण्यात पडली की वारा नसतानाही गलबत ताशी ४ मैल चाले. या हलकेपणाची किंमतही होती. बांबूच्या तक्त्यावर जड तोफ कशी बसवणार? बहुतेक गलबतांवर काठाला बसवलेल्या, फिरत्या छोट्या तोफाच असत; मोठ्या गलबतांवर फार तर सहा-आठ हलक्या तोफा.

३/
गुराब तिच्याहून भारी. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, त्यामुळे इतके वजन असूनही तळ पाण्यात फार खोल जात नसे. पुढचा भाग लांब चोचीसारखा निमुळता. त्या चोचीवरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा हे तिचे खरे बळ. समोरून लाटा आल्या की ती नाकावर आपटे. म्हणून चोचीच्या बाजू उघड्याच ठेवल्या जात, वर आलेले पाणी आपोआप वाहून जाई. बांधणाऱ्यांनी गुराबेचा हा दोष काढून टाकण्याचा खटाटोप केला नाही, त्याला वाट करून दिली.

४/
थोडक्यात, एकीजवळ वेग आणि दुसरीजवळ वजन पेलण्याची ताकद. शिवाजी महाराजांच्या आरमाराने सुरुवातीला कोणता कौल दिला? १६५९च्या सुमारास कल्याण-भिवंडी भागात रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिराच्या देखरेखीखाली जी जहाजे बांधायला घेतली, ती ‘संगिसेल’ जातीची, म्हणजे छोटी, वल्ह्यांनी चालणारी लढाऊ जहाजे होती. आपली माणसे परक्या राज्याचे आरमार उभारीत आहेत हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांना रुचले नाही आणि ते कारागीर काम सोडून निघून गेले. आरंभीचा कल मात्र त्यातून स्पष्ट दिसतो.

५/
२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला. तटाचे काम जेमतेम सुरू झाले होते, तोच फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेकडे निघाले आणि बसरूर लुटून गोकर्ण, अंकोला, कारवारच्या मार्गाने परतले. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात या ताफ्याची मोजदाद आहे : ८५ ‘फ्रिगेट’ आणि ३ मोठी जहाजे. त्या काळच्या इंग्रजी पत्रांत किनाऱ्यावरच्या लहान लढाऊ तारवांनाही फ्रिगेट म्हणत. पुढच्या शतकातली भव्य फ्रिगेट डोळ्यांसमोर आणू नये. परतताना बहुतेक ताफा पुढे पाठवून कारवारच्या परिसरातील खाड्या ओलांडण्यासाठी फक्त १२ जहाजे जवळ ठेवली गेली. मोठ्या जहाजांना ते काम झेपलेच नसते.

६/
कारण हा किनारा सरळ नाही. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडकांची रांगच आहे. वाट ठाऊक असलेल्या नाखव्यालाच तेथून तारू काढता येते. आचरा, कर्ली यांसारख्या खाड्यांत मुखाशी वाळू, आत उथळ पाणी आणि भरती-ओहोटीचे कडक वेळापत्रक. शिवाय रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा, आणि या दोहोंच्या अदलाबदलीत बराच काळ वारा पूर्ण पडलेला. त्या वेळी शिडांवर विसंबलेले जहाज जागच्या जागी डुलत राहते. वल्ही असलेले तारू तेवढ्यात आपले काम आटोपून खाडीत शिरते.

७/
याची मोठी परीक्षा १६७९ मध्ये झाली, ती मालवणपासून बरीच उत्तरेला, मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर. महाराजांनी तेथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाची गलबते किनाऱ्याकडून वल्हवत इंग्रजी ताफ्यावर तुटून पडली. इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली आणि बाकीची छोटी जहाजे पांगली.

८/
येथवरची गोष्ट सर्वांना आवडते. पुढची कमी सांगितली जाते. ‘रिव्हेंज’ हे १६ तोफांचे इंग्रजी जहाज एकटे उभे राहिले आणि त्याच्या माऱ्यापुढे गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. समोरासमोर, दिवसाउजेडी, तोफेशी तोफ भिडली की हलके तारू हरते. तरीही खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. रात्रीच्या अंधारात छोटी तारवे रसद आणि माणसे घेऊन बेटावर पोचत राहिली आणि जड इंग्रजी जहाजांना ती अडवता आली नाहीत. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी समेट करून वेढा उठवला. लढाईचा तो दिवस ‘रिव्हेंज’ने जिंकला, मोहीम गलबतांनी.

९/
हा अनुभव पुढे धोरण म्हणून लिहिला गेला. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६च्या सुमारास करवीरच्या संभाजीराजांसाठी रचलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. (सिंधुदुर्गही पुढे याच करवीर गादीकडे होता.) अमात्यांचा सल्ला नेमका आहे : गुराबा फार मोठ्याही नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच, आणि वाऱ्यावाचून जी चालतच नाहीत अशी थोर जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही. त्यापुढे प्रमाणही दिले आहे : ५ गुराबा आणि १५ गलबते मिळून एक सुभा.

१०/
‘गुराब की गलबत’ या वादावर अमात्यांचे उत्तर असे गणिती आहे. एका भारी तारवामागे तीन हलकी. आणि दोन्हींना एकच अट : वारा पडला तरी हालता आले पाहिजे. गुराब स्वतः हालली नाही तर गलबते तिला दोर लावून ओढीत नेत.

११/
ऑर्मच्या वर्णनात या जोडीची युद्धपद्धतीही दिसते. गुराबा शत्रूच्या पिछाडीला जमून चोचीवरच्या तोफांनी दुरून त्याच्या डोलकाठ्या फोडीत. जहाज पांगळे झाले की जवळ येऊन चोहोबाजूंनी मारा. तरीही ते शरण आले नाही, तर माणसांनी खच्चून भरलेली गलबते एकाच वेळी सर्व बाजूंनी भिडत आणि तलवारी घेऊन शिपाई वर चढत. १७५४ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी अनुक्रमे ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांना गाठले; दोन जळाली, एक हाती लागले. मध्यम आकाराची जहाजे युरोपीय जहाजांपुढे टिकत नाहीत असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये.

१२/
आज्ञापत्रात लाकडाचाही विचार आहे, आणि तो या निवडीशी थेट जोडलेला आहे. जहाजांसाठी सागवान स्वराज्याच्या अरण्यांतून परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढवलेली असतात. जहाज जितके थोर तितका रानावरचा आणि रयतेवरचा भार मोठा. पावसाळ्याआधी सारे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने किनाऱ्यावर ओढून ठेवायचे असे. तेथेही आटोपशीर तारूच सोयीचे.

१३/
मग मराठ्यांनी प्रचंड जहाजे न बांधणे ही चूक होती का? हा आक्षेप निम्माच खरा आहे. किनाऱ्यावर सत्ता चालवणे, परवान्याविना जाणारा व्यापार अडवणे, जलदुर्गांना रसद पोचवणे, यासाठी हेच आरमार योग्य होते. परंतु क्षितिजापलीकडचा समुद्र त्यामुळे इतरांना मोकळा राहिला. शत्रू बंदराच्या तोंडाशी येईपर्यंत त्याला रोखण्याचे साधनच हाती नव्हते.

१४/
फेब्रुवारी १७५६ मध्ये हे उघड झाले. पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. अॅडमिरल वॉटसनची पन्नास ते सत्तर तोफांची जहाजे विजयदुर्गासमोर उभी राहिली. तुळाजींचे आरमार तटाखाली एकमेकांना बांधून ठेवलेले होते. इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर एक गोळा पडला, आग भडकली आणि ओळीने बांधलेला ताफा जळून गेला. ज्या जहाजांचे सारे सामर्थ्य चालण्यात होते, ती त्या दिवशी दोराने जखडलेली होती. दोष बांधणीचा नव्हता, त्या दिवशीच्या निर्णयाचा होता.

१५/
विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि आरमार पुन्हा उभे राहिले. एप्रिल १७८३ मध्ये, सालबाईचा तह झालेला असतानाच, आनंदराव धुळपांच्या अधिपत्याखालील याच आरमाराने ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले. त्या दिवशीच्या मराठी ताफ्याची नोंद अशी : दोन मोठी जहाजे, एक केच आणि आठ गलबते.